सांभाळणारीचा रोज उत्पन्नात धरू नका

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. हे पत्र या दोन आकड्यांबद्दल आहे. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्याचं सगळं करायचं आहे आणि चार पैसेही मिळवायचे आहेत, अशा बायकांचं आयुष्य या आकड्यांवर अडलेलं आहे. मी त्यांतलीच एक.

आधी साधा हिशेब मांडते. २१,००० ला बाराने भागलं की महिन्याचे १,७५० रुपये होतात. दिवसाचे अठ्ठावन्नही होत नाहीत, आणि तेही अख्ख्या घराचे. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रासाठी २०२५-२६ चा रोज ३१२ रुपये ठरला. घरातली एक बाई त्या कामावर ६७ दिवस गेली तर तिचे २०,९०४ रुपये होतात. अडुसष्टाव्या दिवशी ती कामावर गेली की घर मर्यादेच्या वर जातं आणि अंथरुणावरच्या सासूचा दीड हजारावरचा हक्क संपतो. २००५ च्या केंद्रीय कायद्याने १०० दिवस कामाची हमी दिली होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला, त्यात ती १२५ दिवसांवर नेली. म्हणजे शासनाने दिलेली कामाची हमी एखाद्या घराने पुरती घेतली, तर शासनाचीच म्हातारपणाची मदत त्या घराला मिळू शकत नाही. दोन्ही योजना गरिबांसाठीच आहेत. दोन्ही एकाच घराला लागतात. त्या एकमेकींच्या आड येतील असा नियम ठेवण्यात कुणाचा फायदा आहे, हे मला समजलेलं नाही.

मी गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरची. आमचं गाव शंकराच्या देवळासाठी आणि समुद्रकिनाऱ्यासाठी लोकांना माहीत आहे. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत पर्यटक येतात आणि घराघरांत राहण्या-जेवणाची सोय केलेली असते. अशाच एका ठिकाणी मी स्वयंपाकाला जाते, हिशेबाची वहीही मीच लिहिते. माझे यजमान मुंबईला दुकानात कामाला आहेत. खोलीभाडं आणि जेवणखाण जाऊन उरतं ते घरी पाठवतात.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला, त्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एखाददुसरा शब्द येतो, तोही कधी चुकीचाच. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. नाही बदलली तर माकडहाडापाशी कातडी लाल होते, आणि लाल झालेली कातडी फुटायला वेळ लागत नाही. लाल जागेवर चोळायचं नाही, हे मला आशाताईंनी शिकवलं. त्याआधी मी तेल लावून चोळत असे. हवेची गादी आणली आहे. तिचा पंप विजेवर चालतो, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की गादी बसते. मग रात्रभर पाठीशी, गुडघ्यांमध्ये, घोट्याखाली उशा सरकवत राहायचं. घास डाव्या गालात द्यायचा, कारण उजवीकडे दिलेला तिथेच अडकून राहतो. पाणी पिताना ठसका लागतो म्हणून सगळं पेजेसारखं दाट करून चमच्याने भरवायचं. एका वेळच्या जेवणाला पाऊण तास जातो. घाई केली तर ठसका, ठसक्यातून छातीत कफ, आणि मग दवाखाना. आमचं घर पाखाडीच्या पायऱ्या चढून वर आहे. सासूबाईंना खाली रस्त्यावर न्यायचं तर खुर्चीला बांधून चार माणसांनी उचलून न्यावं लागतं, आणि आमच्या वाडीत सध्या तशी चार माणसं एका वेळी मिळणं हीच अडचण आहे. तिथून गुहागरला जाऊन येण्यात अर्धा दिवस जातो. चिपळूण गाठायचं तर दिवस गेलाच म्हणायचा.

हे सगळं मी कामाला जाऊन करते. सकाळी त्यांचं तोंड धुऊन, लंगोट बदलून, चहात बिस्किट भिजवून भरवलं की निघते. पाहुण्यांचे घावणे-चटणी उरकली की धावत घरी. कूस बदलायची, पेज द्यायची, पुन्हा खाली. दुपारचे मासे, भात, सोलकढी, कुणी मोदक सांगितले असतील तर उकड काढायची, वाढायचं आणि परत वर. मालकीणबाई मला मधल्या वेळात सोडतात म्हणून हे जमतं. ज्या बायका आंब्याच्या पेट्या भरायला किंवा बांधकामावर जातात त्यांना मधे सुटी नसते. मी नसते तेवढा वेळ शेजारच्या एक आजी येऊन बसतात. त्यांना स्वतःलाच नीट दिसत नाही.

सासूबाईंसाठी श्रावणबाळचा अर्ज करायचा म्हणून उत्पन्नाचा दाखला काढायला गेले, तेव्हा तिथल्या माणसाने मला आपुलकीनेच सांगितलं, "वहिनी, वीस हजार लिहा. सगळे तेच लिहितात." त्याच्या मनात पाप नव्हतं. अर्ज बसावा एवढीच त्याची इच्छा होती. मी यजमानांचे आणि माझे मिळून जे खरं ते लिहिलं आणि अर्ज तिथेच थांबला. गावोगाव हेच चाललेलं आहे, महोदय. दिवसाला अठ्ठावन्न रुपयांच्या आत जगणारं घर आज सापडणं कठीण आहे, तरी त्या आकड्याच्या आतले दाखले निघतात, कारण त्याशिवाय म्हाताऱ्या माणसाला औषधाचे पैसे मिळत नाहीत. खरं लिहिलं तर बाद व्हायचं, आणि मदत हवी असेल तर खोट्यावर सही करायची. एखाद्या वर्षी पडताळणी झाली तर ती सही त्या गरिबाच्याच गळ्यात येते.

आपल्या सरकारने दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजारांवरून अडीच हजार केलं. त्याबद्दल मनापासून आभार मानते. ते पैसे कुठे जातात हे मी डोळ्यांनी पाहते. पण रक्कम वाढली तसा मर्यादा ओलांडल्यावर होणारा तोटाही वाढला. आमच्या वरच्या वाडीत एक आई आहे. तिचा मुलगा जन्मापासून मेंदूच्या पक्षाघाताने अंथरुणावर आहे. आता तो अंगाने तिच्याहून थोराड झाला, तिला एकटीला उचलवत नाही. ती घरी काजूगर सोलायला आणते, त्याचे किलोमागे पैसे मिळतात. गावात इंजिनिअरिंग कॉलेज आहे, मुलांच्या खानावळींना पोळ्या करणाऱ्या बायका लागतात. तिला महिना पाच हजारांचं काम सांगून आलं होतं, मुलाजवळ बसायला तिची बहीणही तयार होती. तिने हिशेब केला. वर्षाचे साठ हजार झाले की ५०,००० ची मर्यादा ओलांडणार आणि मुलाचे वर्षाचे तीस हजार जाणार. महिनाभर चुलीपुढे उभं राहून हातात खरी भर पडणार ती अडीच हजारांची. शिवाय खानावळ सुटीत बंद असते, ते काम पुढच्या वर्षी राहील याची खात्री नाही, आणि एकदा बंद झालेलं अनुदान पुन्हा सुरू करायला किती खेटे घालावे लागतील हे कोणी सांगू शकत नाही. तिने काम नाकारलं. तिच्या जागी मी असते तर मीही नाकारलं असतं.

इथे चूक कोणाची आहे? ती बाई आळशी नाही. अनुदान देणारं शासनही निर्दयी नाही. चूक आहे ती मोजण्याच्या पद्धतीत. मुलाचं अपंगत्व आईने पोळ्या लाटल्याने कमी होत नाही. उलट ती घराबाहेर पडली की मागे कुणाला तरी बसवायचं, त्याला चहापाणी-पैसे द्यायचे, म्हणजे खर्च वाढतो. आणि आपण मात्र तिने मिळवलेला प्रत्येक रुपया मुलाची गरज तेवढी घटली असं धरून मोजतो.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली. तिचेही महिन्याला दीड हजारच मिळतात. तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. ते खातं आपलं नाही, हे मला माहीत आहे, आणि ती मर्यादा कमी करा असंही मी म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की महाराष्ट्रात घर गरजू आहे की नाही हे ठरवताना अडीच लाखांपर्यंतचा विचार करणं शासनाला परवडतं. मग सत्तरीतल्या अर्धांगवायूच्या बाईसाठी तोच विचार २१,००० वर का थांबतो? अनुदान सहाशेचं हजार झालं, हजाराचं दीड हजार झालं, पण ही मर्यादा हलली नाही.

संजय गांधी निराधार योजना १९८० मध्ये, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. ते कोकणातलेच. त्या काळी 'निराधार' म्हणजे ज्याला कोणीच नाही असा माणूस डोळ्यांपुढे असणार, आणि तशा माणसाचं उत्पन्न मोजायला फारसं काही नव्हतंच. आज आमच्याकडचं चित्र निराळं आहे. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत माणसं वाढण्याऐवजी घटली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे इथे १,१२२ स्त्रिया होत्या. याचा अर्थ आम्हांला कुणी समजावून सांगायला नको. तरणी माणसं मुंबई-पुण्याला, घरात म्हातारे, आणि त्यांच्याजवळ एक बाई. म्हाताऱ्यांना मुलगा आहे, सून आहे, नातवंडं आहेत, म्हणून कागदावर ते निराधार नाहीत. पण जिच्या आधारावर ते आहेत, तिला कोणाचा आधार आहे?

हा आधार शासनाच्या कागदात का दिसत नाही, याचं एक कारण मला वाटतं. सून "घरीच असते" असं धरलेलं असतं. मी दिवसातून किती वेळा पाखाडी चढते-उतरते ते बघणारे शेजारीसुद्धा माझ्याबद्दल हेच म्हणतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या, पुरुषांपैकी २१.४ टक्के. देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटं देतात, पुरुष ७४. या सरासरीत शाळकरी मुलाचा डबा भरणारी आहे आणि अंथरुणावरच्या माणसाची रात्र जागवणारीही आहे. एका दुपारीच आमच्या घरची १४० मिनिटं संपतात.

"घरीच असते" ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटनने १९७६ मध्ये घरच्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला. तो पुरुषांना मिळे, अविवाहित बाईला मिळे, पण लग्न झालेल्या बाईला मिळत नसे, कारण ती तशीही घरी असणारच असं गृहीत होतं. जॅकलिन ड्रेक नावाच्या बाईने आपल्या आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडली होती. तिने या नियमाला आव्हान दिलं आणि १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर विवाहित बायकांना भत्ता मिळू लागला. पण एक काटा त्यात राहिलाच. आठवड्याला ठरावीक रकमेपर्यंतच कमवायचं, त्यावर एक पौंड गेला तरी त्या आठवड्याचा पूर्ण भत्ता रद्द. दुकानात, इस्पितळात थोडे तास काम करणाऱ्या हजारो लोकांची कमाई त्या रेषेच्या किंचित वर गेली, कार्यालयाने ते वेळेवर सांगितलं नाही, आणि काही वर्षांनंतर हजारो पौंडांच्या वसुलीच्या नोटिसा आल्या. २०२४ मध्ये त्यावरून तिथे मोठा गदारोळ झाला. एप्रिल २०२५ पासून कमाईची मर्यादा आठवड्याला १५१ पौंडांवरून १९६ पौंड केली आणि ती किमान वेतनावरच्या सोळा तासांच्या कामाशी जोडली. म्हणजे किमान वेतन वाढलं की मर्यादाही वाढेल. तेवढं तरी त्यांनी केलं. रेषा ओलांडली की सगळं बंद हा दोष मात्र अजून तिथे आहे, आणि तो आपण उसना घेऊ नये म्हणून मी हे लिहिते आहे.

जर्मनीत १९९५ पासून देखभालीचा विमा आहे. तिथे घरच्या माणसाला आठवड्यातून किमान दहा तास, निदान दोन दिवसांत विभागून सांभाळणाऱ्याच्या नावाने विमा संस्था निवृत्तिवेतनाची वर्गणी भरते. त्याने स्वतःची नोकरी आठवड्याला तीस तासांपर्यंत केली तरी चालते. मला यातली विचाराची दिशा महत्त्वाची वाटते. सांभाळणारा माणूस कामही करतो, आणि त्याने करावं, हे त्या कायद्याने आधीच धरून ठेवलं आहे. आपण जर्मनीइतके श्रीमंत नाही, विम्याची वर्गणी कापायला आमच्या बायकांना पगारपत्रकही नाही. पण भत्त्याची अट "काम सोड" अशी न ठेवण्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही.

जवळचं उदाहरण केरळचं. तिथे २०१० पासून आश्वासकिरणम् नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पूर्णवेळ काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, उत्पन्नाची अट तिथेही आहे. तरी एका गोष्टीसाठी मला तिचं मोल वाटतं. ते पैसे रुग्णाचे नाहीत, सांभाळणाऱ्याचे आहेत. रुग्णाची पेन्शन वेगळी आणि सांभाळणाऱ्याचा भत्ता वेगळा.

आणि हे करण्यासाठी आपल्याला नवा कायदा लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संसदेने केला, १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येत पैसे घेऊन वा न घेता सांभाळणारे आईवडील आणि कुटुंबातली माणसंही येतात. कलम २४ म्हणतं की जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद सरकारच्या योजनांत असावी. वरच्या वाडीतल्या त्या आईसाठीच जणू हे कलम लिहिलं आहे. ते तिच्या दारापर्यंत पोचलेलं नाही.

दुसरीकडे २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. असा कायदा हवाच, आणि मी त्याच्या बाजूची आहे. पण जो सोडून जातो त्याच्यासाठी शिक्षा लिहिली आहे आणि जी सोडून जात नाही तिच्यासाठी त्या कायद्यात काहीच लिहिलेलं नाही, हे बरोबर आहे का?

आयकर कायद्यात एक तरतूद आहे. घरात अवलंबून असलेली दिव्यांग व्यक्ती असेल तर करदात्याला जुन्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व तीव्र असेल तर १,२५,००० ची. म्हणजे सांभाळायला खर्च येतो आणि तो मिळकतीतून आधी वजा करायला हवा, हे तत्त्व देशाच्या कायद्याने मानलेलं आहे. कर भरण्याइतकं मिळवणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते मानलं जातं. काजूगर सोलणाऱ्या आईच्या बाबतीत तिच्या मिळकतीतून एक रुपयाही वजा होत नाही. महोदय, या एका गोष्टीमुळे मला रात्री झोप येत नाही. हे तत्त्व तिलाही लावा, एवढंच मागणं आहे.

त्यासाठी काय करावं, याबद्दल माझं म्हणणं सरळ आहे. अंथरुणावरच्या ज्येष्ठाचं किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या माणसाचं अनुदान त्याच्या स्वतःच्या स्थितीवर ठरावं. सांभाळणाऱ्या व्यक्तीने रोजावर, तासावर, किलोवर किंवा हंगामी कामावर मिळवलेले पैसे त्याच्या अर्जात कुटुंबाचं उत्पन्न म्हणून धरूच नयेत. कोण सांभाळतं हे ठरवायला मोठी यंत्रणा लागत नाही. आशाताई आणि अंगणवाडीताईंना प्रत्येक वाडीतलं प्रत्येक अंथरूण माहीत असतं. मर्यादा ठेवायचीच असेल तर ती हमीच्या कामाच्या दराशी जोडा, म्हणजे रोज वाढला की तीही वाढेल. आणि ती ओलांडली तर अनुदान एकदम तोडू नका. वरच्या मिळकतीच्या प्रमाणात थोडं थोडं कमी करा, काम सुटलं की पुन्हा अर्ज न करता पूर्ववत करा. कोकणातलं काम हंगामी असतं. मे महिन्यात मिळवणारी बाई जुलैत रिकामी असते. वर्षाच्या एका दाखल्यात ते मावत नाही.

यावर दोन आक्षेप येतील, दोन्ही मी ऐकलेले आहेत. पहिला पैशांचा. अटी सैल केल्या तर लाभार्थी वाढतील, हे खरं आहे. पण अंथरुणाला खिळलेली किंवा तीव्र अपंग माणसं अटी सैल केल्याने वाढत नाहीत, ती आहेत तेवढीच आहेत. आज त्यांतल्या ज्यांच्या घरी खरं लिहिणारं माणूस आहे ती बाहेर राहतात, एवढाच फरक. शिवाय एक बाई कामावर टिकली तर तिच्या घराची पुढची गरज कमी होते. सासूबाईंच्या मागे मला जगायचं आहे, आणि पाच-सात वर्षं काम सोडून बसलेल्या बाईला तेव्हा कोण कामावर घेणार?

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, आणि तो बायकांच्या बाजूने बोलणारी माणसंच घेतात. सांभाळणाऱ्यांना भत्ता दिला तर बाईला घरीच बसवायला घरच्यांना आयतं कारण मिळेल, असं त्यांचं म्हणणं. "पैसे मिळतात ना तुला, मग कामाला कशाला जातेस?" ही भीती खोटी नाही, आमच्या वाडीतही असं म्हणणारे निघतील. म्हणूनच भत्ता काम सोडण्याच्या अटीवर नको, तो कामासोबत मिळायला हवा. आणि तो बाईचाच असतो असंही कुठे लिहू नका. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून परतलेले काही मुलगे आईवडिलांची अवस्था बघून इथेच राहिले. बापाला आंघोळ घालणारा, त्याचं मलमूत्र काढणारा मुलगा मी पाहिला आहे. अर्जावर "सांभाळणारी व्यक्ती" एवढंच लिहा.

पैशांशिवाय एक गोष्ट लागते, ती म्हणजे काही तासांची सुटका. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून तिला रोज द्यायचा, अशी तरतूद २००५ च्या कायद्यात केली होती. मुलांसाठी १९७५ पासून अंगणवाडी आहे. आई कामाला जाते तेव्हा मुलाकडे कोणीतरी बघायला हवं, हे आपण पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलं. म्हाताऱ्यांच्या आणि तीव्र अपंग माणसांच्या बाबतीत अजून केलेलं नाही. केरळात ज्येष्ठांसाठी दिवसभर थांबण्याची घरं आहेत. आमच्या पाखाड्यांवरून सासूबाईंना अशा घरी रोज नेणं जमायचं नाही, म्हणून इथे उलटी सोय लागेल. वाडीतल्याच एका शिकवलेल्या बाईने तीन-चार घरी फिरायचं, कूस बदलायची, भरवायचं, आणि तिला त्याचा रोज मिळायचा. बचत गट आहेत, प्रशिक्षण द्यायला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिका आहेत. अशी एक बाई असेल तर तीन-चार बायकांना कामाला जाता येईल आणि तिलाही काम मिळेल.

मी मागते आहे ते एकाच अधिवेशनात होणार नाही, हे मला कळतं. पण २१,००० चा आकडा बदलायला आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीचा रोज उत्पन्नातून वगळायला शासन निर्णय पुरेसा आहे. येत्या अर्थसंकल्पापूर्वी तो काढावा. कलम २४ चा काळजीवाहक भत्ता महाराष्ट्रात कधी आणि किती देणार, हे दिव्यांग कल्याण विभागाशी बोलून सभागृहात सांगावं. आणि निर्णय घेण्याआधी आपल्या विभागाच्या अधिकाऱ्यांना गुहागर तालुक्यातल्या कोणत्याही दोन वाड्यांत पाठवावं. मे महिन्यात पाठवू नका, तेव्हा मुंबईकर आलेले असतात आणि घरं भरलेली दिसतात. जुलैत पाठवा, सकाळी दहा वाजता.

आपली,
वेळणेश्वर, ता. गुहागर, जि. रत्नागिरी येथील एक सून